पाच किलोहर्ट्झची शांतता

दिग्दर्शक "इथे मला रात्रीची शांतता हवी" म्हणतो, तेव्हा त्याला शांतता नको असते. खरोखरची शांतता लावून दाखवली तर तो दचकतो, स्पीकरकडे बघतो आणि "आवाज गेला का?" विचारतो. त्याला हवे असतात रातकिडे. वाड्याची ओसरी, कंदील, पाय मुडपून बसलेली म्हातारी आणि मागे अखंड किर्र. ती किर्र काढून घेतली की तीच ओसरी प्लायवूडची वाटायला लागते.

मी सिनेमांसाठी, मालिकांसाठी आणि अधूनमधून माहितीपटांसाठी लोकेशनवर ध्वनिमुद्रण करतो. म्हणजे रात्रीचं शूटिंग असलं की डोक्याला हेडफोन लावून कुठल्या तरी बांधावर बसलेला असतो आणि माणसांपेक्षा जास्त वेळ रातकिडे ऐकत असतो. माणसं टेक संपला की थांबतात, रातकिडे थांबत नाहीत. या सक्तीच्या श्रवणातून जे हाती लागलं ते लिहितो आहे. मी कीटकशास्त्रज्ञ नाही. जे काही शास्त्र पुढे येईल ते गरज पडली म्हणून वाचलेलं आणि जाणकारांना विचारून घेतलेलं.

या धंद्यात आलो तेव्हा रातकिड्यांचा कुणालाच त्रास नव्हता. कॅमेरे एवढे घरघरायचे की लोकेशनवरचा आवाज फक्त अंदाजापुरता, 'पायलट' म्हणून घ्यायचा. खरे संवाद नंतर स्टुडिओत डब व्हायचे आणि रात्र टेपवरून यायची. २००१ च्या 'लगान'नंतर हिंदीत आणि मग हळूहळू मराठीतही जागेवरच संवाद मुद्रित करायची पद्धत रुळली. तोवर टेपमध्ये निमूट बसलेला रातकिडा एकदम अंगावर आला.

त्याचा त्रास होतो तो जागेचा. आपल्या बोलण्यातले अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्ट्यात वाजतात. व्यंजनांची धार, विशेषतः स, श, च, छ यांचा सीत्कार, साधारण चार ते आठ किलोहर्ट्झमध्ये असतो. आणि शेतात, अंगणात, न्हाणीघराच्या मोरीपाशी सापडणारा तो काळा रातकिडा, पंखांच्या मुळाशी दोन पिवळट ठिपके असलेला, तो पाच किलोहर्ट्झच्या आसपास गातो. म्हणजे नटीने "असं कसं सोसशील" म्हणायचं आणि प्रत्येक 'स'वर याने येऊन बसायचं. एकटाच असेल तर निभावतं, कारण त्याचा स्वर अगदी शुद्ध असतो. तेवढीच बारीक चीर पाडून तो काढून टाकता येतो. पण बांधावर वीस असतात आणि प्रत्येकाची पट्टी केसभर वेगळी असते. मग चीर रुंद करत न्यावी लागते आणि शेवटी रातकिडे जातात, पण नटी बोबडी बोलायला लागते.

सेटवर यावर उपाय सुचवणारे पुष्कळ. स्पॉटदादा काठी घेऊन झुडपं झोडपून येतात. कुणी बादलीभर पाणी ओततं. कुणी फवारा मारायला निघतं, त्याला मी आडवा जातो. खरं तर काहीच करावं लागत नाही, नुसतं चालत जावं लागतं. रातकिड्याच्या पोटाच्या टोकाला मागे दोन लांब शेपट्या असतात. त्यांवर बारीक केसांची लव असते आणि हवेची जराशी झुळूकही त्या केसांना कळते. जमिनीचे हादरे पायांना कळतात. पाऊल जवळ आलं की गाणं बंद. बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, धरणारा मुलगा टेकच्या आधी त्या कोपऱ्यात पाय आपटून येतो, आम्हाला थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात संवाद उरकायचा. मग लांबचा एखादा धीट सुरू करतो, शेजारचा त्याला जाब देतो आणि टेकच्या मध्यावर मैफल पुन्हा रंगते.

याचा एक उलटा फायदाही आहे. रात्री अंधारात, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, एका बाजूचे रातकिडे अचानक गप्प झाले की मला कळतं तिकडून कुणीतरी येतं आहे. निर्मात्याची गाडी आली हे युनिटमध्ये सर्वांत आधी मला कळतं ते असं.

पण खरी डोकेदुखी आवाज असण्याची नाही, आवाज बदलण्याची आहे. वाईकडे एका वाड्यात रात्रभर चालणारा एक मोठा प्रसंग होता. दोन भाऊ वाटणीवरून भांडतात. संध्याकाळी अंगणात सगळ्यांना घेऊन मास्टर शॉट झाला. मग एकेकाचे क्लोजअप. धाकट्या भावाचा क्लोजअप यायला पहाट झाली. पडद्यावर हे भांडण पाच मिनिटांचं. मुद्रणात त्यात आठ तासांचं अंतर आणि हवेत सात-आठ अंशांचा फरक. थोरला बोलतो तेव्हा मागे रातकिडे घाईघाईने वाजतायत आणि धाकटा उत्तर देतो तेव्हा तेच रातकिडे दम लागल्यासारखे सावकाश. प्रत्येक कटला लय बदलते. प्रेक्षकाला काय बिनसलं आहे ते सांगता येत नाही, पण काहीतरी बिनसलं आहे एवढं कळतं.

कारण साधं आहे. रातकिड्याच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. हवा जशी तसं अंग. थंडी पडली की स्नायू आणि मज्जा दोन्ही मंदावतात आणि पंख सावकाश चालतात. अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ एमॉस डॉलबेअर यांनी १८९७ साली यावर एक छोटा लेख लिहून सूत्रच मांडलं: मिनिटाला किती वेळा किर्र होते ते मोजा आणि त्यावरून हवेचं तापमान काढा. त्यांनी ऐकलेला कीटक तिकडचा झाडावरचा रातकिडा असावा असं नंतरच्या अभ्यासकांनी मानलं. ते सूत्र त्या जातीपुरतं. ते वाईच्या अंगणात लावायला जाऊ नये. पण तेव्हापासून माझ्या साउंड रिपोर्टवर टेक क्रमांकाच्या शेजारी तापमानाचा एक रकाना असतो. सहायक दिग्दर्शक आधी हसायचे. आता क्लोजअपचा क्रम लावताना विचारतात.

त्यात आणखी एक भानगड आहे. भुईवरच्या त्या काळ्या रातकिड्याची लय तापमानाने बदलते, पण स्वर जवळपास तोच राहतो. झुडपातले नाजूक, फिकट हिरवे, पंख काचेसारखे पारदर्शक असलेले रातकिडे मात्र हवा तापली की लय तर वाढवतातच, स्वरही चढवतात. संगीताच्या भाषेत एकाचा ताल सैल होतो, दुसऱ्याचा तंबोराच उतरतो. पहिल्याला संगणकावर ताणून-आवळून जुळवता येतं. दुसऱ्याला जुळवायचं तर सगळं मागचं वातावरण नव्याने बांधावं लागतं. त्यासाठी मी आता प्रत्येक ठिकाणी संवाद नसलेली रात्र वेगळी मुद्रित करून ठेवतो: संध्याकाळची, मध्यरात्रीची आणि पहाटेची. युनिट जेवायला गेलं की जनरेटर बंद करवून घेतो. त्यावरून प्रॉडक्शनशी वाजतं ते निराळं.

बाजारात आयत्या रात्री विकत मिळतात, हे सांगायला हवं. साउंड लायब्ररी म्हणून. चकचकीत, स्वच्छ, अमेरिकेत किंवा युरोपात मुद्रित केलेल्या. म्हणून आपल्या मालिकांत कोल्हापूरच्या वाड्यात अमेरिकेतला रातकिडा गातो. महाबळेश्वरच्या कडाक्याच्या थंडीत, पात्रांच्या तोंडून वाफ निघत असताना, रातकिड्यांचा जलसा चालू असतो. प्रत्यक्षात पारा एवढा उतरला की बहुतेक रातकिडे मुके होतात. भर दुपारी सह्याद्रीच्या जंगलात झाडावर कानठळ्या बसवणारा आवाज येतो तो सिकाडाचा, रातकिड्यांच्या कुळाशी त्याचा संबंध नाही. पण तोही रात्रीच्या दृश्याला चिकटवलेला मी ऐकला आहे. कुणाला काय फरक पडतो, असं म्हणतात. भोरच्या घाटात गाडी जाताना खिडकीत आल्प्स दिसला तर फरक पडेल ना? मग कानाने काय घोडं मारलं आहे?

एकट्या रातकिड्याचा आवाज जवळून घ्यायचा म्हणून मी शोधायला लागलो आणि तिथे या प्राण्याशी खरी ओळख झाली. तो सापडत नाही. स्वर इतका शुद्ध आणि सलग असतो की कानाला दिशा लागत नाही. उजवीकडे वाटतो, उजवीकडे वळलं की डावीकडे जातो. दोघांनी दोन बाजूंनी हात करून रेषा धरायच्या आणि जिथे रेषा मिळतात तिथे हळूहळू सरकायचं, ही आमची पद्धत. लाल उजेडाची बॅटरी असली तर बरं. शेवटी दगडाखालच्या फटीच्या तोंडाशी तो दिसतो: पुढचे दोन पंख तिरके उचललेले आणि इतक्या वेगात थरथरणारे की नुसता धूसर पट्टा दिसावा.

पाय घासून गातो असं पुष्कळांना वाटतं. ते नाकतोड्याचं, तो मागचा पाय पंखावर घासतो. रातकिडा पंखावर पंख घासतो. उजव्या पंखाच्या खालच्या बाजूला एक शीर असते, तिला करवतीसारखे बारीक दाते. डाव्या पंखाची कड त्या दात्यांवरून ओढली जाते. पंख मिटताना आवाज होतो, उघडताना नाही. दाता सुटला की पंखावरचा पातळ पडदा एकदा कंप पावतो. म्हणजे पाच किलोहर्ट्झचा स्वर यायचा तर सेकंदाला पाच हजारांच्या वेगाने दाते सुटले पाहिजेत. सुताला सूत जुळलेलं हे काम, आणि तेही हरभऱ्याच्या घाट्याएवढ्या जिवाचं. गातो तो नरच. मादीला ना दाते, ना पडदा. पण ऐकू दोघांनाही येतं आणि कान आहेत पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली.

माइक जवळ नेला तेव्हा पातळी एकदम लाल रेघेला टेकली. गाणाऱ्या रातकिड्याच्या स्वतःच्या कानापाशी हा आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो. हेडफोनवर तेवढा आवाज रोज ऐकला तर मला वर्षभरात घरी बसावं लागेल. मग हा बहिरा कसा होत नाही? केंब्रिजमध्ये जेम्स पूले आणि बर्थोल्ड हेडविग यांनी २००२ साली याचं उत्तर दिलं. पंखांना 'मीट' असा हुकूम जातो त्याच क्षणी त्याची एक प्रत कानाकडच्या मज्जापेशींना जाते आणि त्या तेवढ्यापुरत्या दाबल्या जातात. दोन फटक्यांच्या मधल्या फटीत कान पुन्हा उघडा. आम्ही निवेदन सुरू झालं की मागचं संगीत आपोआप खाली जाईल अशी सोय मिक्सिंगमध्ये करतो, त्याला 'डकिंग' म्हणतो आणि स्वतःवर खूश असतो.

ध्वनीच्या माणसाला आवडावा असा दुसरा प्रयोग त्याहून जुना. व्हिएन्नात योहान रेगेन नावाचे एक शिक्षक होते. मादी नराकडे जाते ती आवाजाने, वासाने की नजरेने, हा तेव्हा वादाचा विषय होता. १९१३ साली रेगेन यांनी नराचं गाणं टेलिफोनच्या तारेवरून दुसरीकडे ठेवलेल्या मादीला ऐकवलं. समोर ना नर, ना त्याचा वास. मादी चालत रिसीव्हरपाशी गेली. वाद मिटला. जागेवर मुद्रित केलेला आवाज आणि डब केलेला आवाज यांत मादीने भेदभाव केला नाही, एवढीच माझी बारीकशी तक्रार.

आपल्याकडचं उदाहरण आहे ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं. तिथे रोहिणी बालकृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी झुडपातल्या रातकिड्यांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. आंध्रातल्या कुप्पमजवळ माळावर रानतुळशीची झुडपं असतात, मूळची अमेरिकेतली, आता सगळीकडे माजलेली. त्यावर राहणारा एक झाडावरचा रातकिडा कधीकधी पानाच्या मधोमध भोक कुरतडतो, त्यात डोकं-खांदे घालतो, पंख पानाच्या पातळीत आणतो आणि गातो. स्पीकरची उघडी चकती हातात धरून वाजवली तर आवाज क्षीण येतो, कारण पुढची हवा आणि मागची हवा कडेने एकमेकींना मारून टाकतात. फळीत बसवली की दणका बसतो. पान ही त्याची फळी. गंमत म्हणजे हे सगळे नर करत नाहीत. अंगाने लहान किंवा आवाजाने कमजोर असलेले जास्त करतात. मादी मोठ्या आवाजाकडे जाते, मग लहान्याने पान धरायचं. २०२० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा मी आमच्या क्षेत्रातल्या दोन-तीन मित्रांना पाठवला. कमी बजेटवाल्यांचा देव सापडला, असं एकाचं उत्तर आलं.

हे वाचनाचं वेड बघूनच असेल, काही वर्षांपूर्वी एका संशोधक मुलीने मला तिच्या कामात ओढलं. कोकणातल्या एका देवराईत झाडांना मुद्रणयंत्रं बांधून रात्रीचा आवाज नोंदवायचा होता. किडे ओळखणं तिचं काम. पावसाळी हवेत माइक जिवंत ठेवणं, पातळी लावणं आणि पान टिपटिपण्यापासून रातकिडा वेगळा काढणं माझं. पैसे जवळपास नव्हते. पण दिग्दर्शकही नव्हता.

सेटवर मला रातकिडे हा एक थर वाटायचा, मागे पसरलेला. देवराईत आवाजाचा आलेख पडद्यावर उलगडला तेव्हा तो थर नव्हता, मजले होते. खाली पालापाचोळ्यात गाणारे, गुडघाभर झुडपातले, खोडावरचे, वर छतातले. प्रत्येक जातीची पट्टी वेगळी, आणि पट्टी जवळची असेल तर लय वेगळी. एक सलग, एक तुटक, एक तीनदा वाजून थांबणारा. कुणी संध्याकाळी लवकर येतो, कुणी उशिरा. मादीला त्या गलक्यातून आपल्याच जातीचा नर निवडायचा असतो आणि चुकीच्या दारात गेलं तर सगळा आटापिटा वाया.

दिवसा ती मुलगी पाचोळा चाळायची आणि मी चहा करत बघत बसायचो. एका परातीत दोन ओंजळी पाचोळा घेतला की त्यातून उड्या मारत निघायचे ते बहुतेक मुके. पिल्लं. मादी पोटामागच्या सुईसारख्या नळीने ओल्या मातीत एकेक अंडं रोवते. पिल्लू बाहेर येतं ते आईबापांची छोटी, बिनपंखी प्रत. फुलपाखरासारखी अळी नाही, कोष नाही. आठ-दहा वेळा कात टाकायची, दर वेळी थोडं मोठं व्हायचं, आणि शेवटच्या कातीनंतर पंख मिळतात. त्यानंतर काही दिवसांनी नराला गळा फुटतो. गाणारं आयुष्य महिना-दोन महिन्यांचं. म्हणजे आपण जे ऐकतो तो समाजातला फार लहान भाग: वयात आलेले, जिवंत राहिलेले नर. बाकी सगळं गाव खाली पाचोळ्यात खात बसलेलं असतं.

आणि खातात काय, तर मिळेल ते. कुजकी पानं, बुरशी, पडलेली फळं, गवताचं बी, मेलेले किडे, कधी एकमेकांना. ही खादाडी शेतकऱ्याला दोन्ही बाजूंनी भेटते. रोपवाटिकेत कोवळी रोपं कातरतो म्हणून तो रातकिड्याला शिव्या देतो, त्यात खोटं काही नाही. पण तणाचं बी खाऊन तण कमी करण्यात रातकिड्यांचा हात असतो, हे अमेरिकेतल्या शेतांत मोजून पाहिलेलं आहे. देवराईत मला दिसलं ते एवढंच की मोठं पान लहान होतं, लहान पानाची विष्ठा होते आणि ती मातीत जाते. गांडुळं, वाळवी, गोमा, रातकिडे मिळून ते उरकतात.

त्याहून मोठं काम म्हणजे खाल्लं जाणं. बेडूक, पाल, सरडे, विंचू, कोळी, पिंगळा, भारद्वाज, मुंगूस, सगळ्यांच्या ताटात रातकिडा आहे. एक काळी-तांबूस गांधीलमाशी त्याला नांगी मारून लुळा करते आणि बिळात ओढून नेऊन त्याच्या अंगावर अंडं घालते. पानाच्या कुजक्या चोथ्याचं मांस करायचं आणि ते वरच्या जनावरांच्या तोंडाशी न्यायचं, हा जंगलाच्या अर्थकारणातला मधला दलाल. दलाल शब्द त्या मुलीला आवडला नाही. मला आमच्या धंद्यामुळे तोच सुचला.

गाणं म्हणजे पत्ता जाहीर करणं, असं मी धरून चाललो होतो. गाणारा नर आधी मरणार. पश्चिम घाटातच कुद्रेमुखच्या जंगलात बालकृष्णन यांच्या चमूने केलेला एक अभ्यास त्या मुलीने मला वाचायला दिला. तिथे मोठ्या कानांचं एक वटवाघूळ आहे, ते शिकारीचा आवाज ऐकून झडप घालतं. पकडलेला किडा ते विश्रांतीच्या जागी नेऊन खातं आणि पंख खाली टाकतं. रातकिड्यांचे नातलग असलेल्या, पानासारख्या हिरव्या कॅटिडिडांचे पंख त्या ढिगात भरपूर होते. गाणाऱ्या नरांपेक्षा न गाणाऱ्या माद्या जास्त मारल्या गेल्या होत्या. नर एका जागी बसून गातो. मादी त्याच्याकडे उडत जाते, आणि उडणाऱ्याच्या पंखांचाही आवाज असतो. या प्रवासाची किंमत मी कधी हिशोबात धरली नव्हती, कारण ती माझ्या माइकवर वाजत नव्हती.

वटवाघळाचाही बंदोबस्त आहे. उडणाऱ्या रातकिड्याला माणसाला ऐकू न येणारा, वटवाघळाचा वरच्या पट्टीतला आवाज येतो आणि तो वळून पळतो. पाच किलोहर्ट्झ म्हणजे सोयरा, खूप वर म्हणजे यम. मधल्या छटांचा घोळ तो घालत नाही.

तरी सगळं आवाजावर सोडू नये, हे हवाईच्या कथेने शिकवलं. तिथल्या कवाई बेटावर एक माशी आहे, बाहेरून आलेली. ती रातकिड्याचं गाणं ऐकून त्याच्यावर अळ्या सोडते आणि अळ्या त्याला आतून खातात. तिथले रातकिडे हळूहळू ऐकू येईनासे झाले. संपले, असं वाटायला लागलं होतं. मार्लीन झुक आणि त्यांचे सहकारी २००३ मध्ये बॅटऱ्या घेऊन गेले तर रातकिडे भरपूर. नरांच्या पंखांवरचे दाते आणि पडदेच जवळपास पुसले गेले होते. पंख घासायचे, आवाज नाही. जे थोडे अजून गात होते त्यांच्या आसपास हे मुके घुटमळायचे आणि येणाऱ्या मादीला गाठायचे. आणि हे सारं विसाहून कमी पिढ्यांत. माझ्या यंत्राने त्या बेटाची रात्र नोंदवली असती तर मी अहवालात शून्य लिहिलं असतं.

"आता पूर्वीसारखे रातकिडे राहिले नाहीत," हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक गावात ऐकतो. मावळात एका घरी आमचं सामान ठेवलं होतं. तिथले आबा ऐंशीच्या पुढचे. अंगणात रातकिड्यांनी कहर केला होता, मी पुढच्या टेकचं काय करायचं या चिंतेत, आणि आबा म्हणाले, "पयलं लई वरडायचे. आता आवाजच न्हाई." मी हेडफोन त्यांच्या कानाला लावून पातळी वाढवली. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हायेत की. कुठं लपलेत?" वयाबरोबर माणसाचा कान वरून बहिरा होत येतो. आधी बारा हजार कंपनं जातात, मग आठ हजार, मग रातकिड्याची पट्टी. कितीतरी गावांतले रातकिडे असे म्हाताऱ्यांच्या कानात संपले आहेत.

पण आबा सगळेच चुकत नव्हते. दुसऱ्या रात्री मी यंत्र घेऊन त्यांच्या शिवारात फिरलो. ओढ्याकाठच्या गवतात, पडीक तुकड्यात, जुन्या दगडी बांधाला आवाज दाट. तणनाशक मारून बोडका केलेला नवा सिमेंटचा बांध आणि त्याला लागून असलेली भाजी, तिथे तुरळक. फार्महाउसच्या कंपाउंडला रात्रभर जळणारे पांढरे दिवे, तिथे तर वेगळीच तऱ्हा: पहाट उलटून उजाडलं तरी एखादा गातच होता. सतत उजेडात ठेवलेल्या रातकिड्यांचं दिवसरात्रीचं चक्र बिघडतं, गाण्याच्या वेळा सरकतात, हे तेल अवीव विद्यापीठात प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. एका रात्रीच्या फेरफटक्यावरून मी सिद्धांत मांडणार नाही. मात्र आडोसा, ओल आणि अंधार या तीन गोष्टी जिथे होत्या तिथे माझी सुई हलली, एवढं फितीवर आहे. आबांचं म्हणणं साधं होतं: "बांदच ऱ्हायला न्हाई, तर किडं ऱ्हात्यात कुठं?"

म्हणून मी जुन्या फायली पुसणं बंद केलं. पूर्वी सिनेमा लागला की लोकेशनच्या रात्री काढून टाकायचो, हार्ड डिस्कला जागा हवी म्हणून. आता गाव, तारीख, वेळ, तापमान आणि आसपास काय पीक होतं ते लिहून ठेवतो. त्या संशोधक मुलीला त्याची एक प्रत जाते. भोरची एक रात्र आहे, तिथे आता लेआउट पडला आहे. आंबोलीच्या पावसाळी रात्री आहेत, त्यात रातकिडे आणि बेडूक यांना वेगळं काढायला मला अजून जमत नाही आणि बहुधा काढूही नये. निर्मात्यांच्या दृष्टीने हा सगळा संवाद नसलेला, म्हणजे निरुपयोगी माल आहे.

गेल्या वर्षी कानाची तपासणी केली. या धंद्यात ती करावीच लागते, फक्त सगळे टाळतात. आठ हजारांच्या वर रेघ खाली झुकलेली आहे, वयाच्या मानाने ठीक म्हणाले. म्हणजे काळा रातकिडा मला अजून बरीच वर्षं पुरेल. वरच्या पट्टीतले लहानखुरे आता फक्त पडद्यावरच्या आलेखात दिसतात, ऐकू येत नाहीत. माझ्याबरोबर बूम धरणारी मुलगी तेवीसची आहे. साउंड रिपोर्टवर आता आम्ही रातकिड्यांचे दोन रकाने केले आहेत, एक माझा आणि एक तिचा. परवा वाईकडे टेकच्या आधी मी मान हलवून "स्वच्छ आहे, घ्या" म्हणालो. तिने हात वर करून थांबवलं. "दादा, डावीकडच्या करवंदीत एक आहे. बारा हजारांच्या वर." दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे बोट दाखवलं. तिने बूम स्टँडला टेकवला आणि पाय आपटत करवंदीकडे निघाली.